लायसन्स स्कूलच्या वर्गापासून खिशातल्या कार्डापर्यंत: कॅलिफोर्नियातला कंत्राटदार परवाना

कॅलिफोर्नियात बांधकाम कंत्राटदाराचा परवाना मिळवायला कुठल्याही शाळेत जावं लागत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण लायसन्स स्कूलच्या जाहिराती वाचून नेमकं उलटं वाटतं. परवाना देतं ते राज्य सरकारचं कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड. १९२९ सालापासूनचं हे बोर्ड चार वर्षांचा अनुभव मागतं, दोन लेखी परीक्षा घेतं, बोटांचे ठसे आणि बाँड, म्हणजे बाँड कंपनीने दिलेली हमी, मागतं. वर्गात बसल्याचं प्रमाणपत्र मात्र कुठेच मागत नाही. तरीही बी वर्गाच्या, म्हणजे सर्वसाधारण इमारत बांधकामाच्या परवान्यासाठी मी स्कूलची फी भरली आणि त्याचा पश्चात्ताप नाही. फक्त ती फी कशासाठी होती हे नीट समजायला वेळ लागला. स्कूल परीक्षेची तयारी करून घेतं. पण परवाना बहुतेकांचा अडतो तो परीक्षेत नाही, अनुभवाच्या कागदात.

आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम खात्यात ठेकेदार म्हणून नाव नोंदवायचं तर ऐपतीचा दाखला आणि पूर्वी केलेल्या कामांचे दाखले लागतात, लेखी परीक्षा नसते. ती सवय डोक्यात असेल तर इथली पद्धत जरा चक्रावून टाकते. इथे ऐपत कुणी विचारत नाही, पण ‘कामगाराला काढून टाकलं तर त्याचा राहिलेला पगार कधी द्यायचा’ हे विचारलं जातं. (उत्तर: त्याच क्षणी. न सांगता तो स्वतः सोडून गेला तर ७२ तासांत.)

परवाना लागतो कधी? मजुरी आणि माल मिळून काम १,००० डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर. २०२५ च्या जानेवारीपर्यंत ही मर्यादा ५०० होती. हजाराच्या आतलं काम असलं, पण त्याला बिल्डिंग परमिट लागत असेल किंवा हाताखाली माणूस ठेवला असेल, तरी परवाना लागतोच. विनापरवाना काम केलं तर दंड वेगळा, पण खरा फटका पैशात बसतो. मालकाने पैसे बुडवले तर कोर्टात वसुली मागता येत नाही, उलट दिलेले पैसेही तो परत मागू शकतो. काम कितीही चोख केलेलं असलं तरी. धंदा आणि व्यवसाय संहितेतलं ७०३१ क्रमांकाचं हे कलम वर्गात पहिल्याच दिवशी शिकवलं गेलं, आणि ते योग्यच होतं.

परवान्याचा वर्ग आधी ठरवावा. ए म्हणजे रस्ते, पूल, धरणं यांसारखी अभियांत्रिकी कामं. बी म्हणजे इमारती. सी मध्ये एकेका कसबाचे वर्ग आहेत: सी-१० वीजकाम, सी-३६ प्लंबिंग, सी-२० एअर कंडिशनिंग, सी-३९ छपरं, सी-८ काँक्रीट, असे चाळीसच्या वर. २०२१ पासून बी-२ हाही एक वर्ग आला, राहत्या घरांच्या दुरुस्ती-नूतनीकरणासाठी. स्वयंपाकघरं आणि बाथरूमच करायची असतील तर बी-२ सोपा वाटतो, पण त्यात एकाच करारात किमान तीन वेगळी कसबं असावी लागतात आणि भार पेलणाऱ्या भिंतीला हात लावता येत नाही. स्वयंपाकघर मोकळं करायचं म्हटलं की पहिल्यांदा तीच भिंत आड येते. बी-२ घेऊन वर्षभरात पुन्हा बी साठी अर्ज करणारे असतात ते यामुळेच.

आता अनुभव. अर्जाच्या आधीच्या दहा वर्षांत किमान चार वर्षं जर्नीमन दर्जाचा अनुभव लागतो. जर्नीमन म्हणजे डोक्यावर कुणी उभं न राहता आपलं काम पूर्ण करू शकणारा कारागीर. त्याच्या वरचे मुकादम, सुपरवायझर, कंत्राटदार किंवा स्वतःचं घर स्वतः बांधणारा मालक हेही चालतात. शिकाऊ उमेदवार आणि बिगारी म्हणून केलेली वर्षं धरत नाहीत. शिक्षणाची सूट जास्तीत जास्त तीन वर्षांची. वास्तुरचना, बांधकाम तंत्र किंवा त्या वर्गाशी थेट जुळणाऱ्या अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी असेल तर तीनपर्यंत, गणित, अर्थशास्त्र, वाणिज्य अशा पदव्यांना दोनपर्यंत. पण निदान एक वर्ष प्रत्यक्ष साइटवरचं असावंच लागतं.

पुण्या-मुंबईत सिव्हिल इंजिनियर होऊन इकडे आलेल्यांची गाडी इथेच रुतते. पदवीची गुणपत्रकं जशीच्या तशी पाठवून उपयोग नसतो. परदेशी शिक्षणाचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेकडून ती तपासून, समकक्ष ठरवून घ्यावी लागतात. विद्यापीठाकडून मोहोरबंद पाकिटात ट्रान्सक्रिप्ट मागवायची असेल तर त्याला लागणारे आठवडे आधी मोजा, स्कूलची तारीख नंतर घ्या. दुसरं, ऑफिसात बसून डिझाइन किंवा ड्रॉइंग केलेली वर्षं साइटचा अनुभव म्हणून चालत नाहीत. तिसरं, बी वर्गासाठी लाकडी फ्रेमिंग किंवा सुतारकाम आणि त्याशिवाय किमान दोन वेगळी कसबं अनुभवात दिसावी लागतात. आपला अनुभव असतो आरसीसीचा: सेंट्रिंग, सळई, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर. इथे घर म्हणजे पायाच्या वर सगळा लाकडी सांगाडा. त्यामुळे इथल्या एखाद्या परवानाधारकाकडे वर्ष-दोन वर्षं पगारावर काम केलेलं असेल तर अर्ज सरळ जातो.

अनुभवाच्या फॉर्मवर सही कुणाची घेता ते फार महत्त्वाचं. मालक, सहकारी, दुसरा कंत्राटदार, युनियनचा प्रतिनिधी, बिल्डिंग इन्स्पेक्टर, आर्किटेक्ट, इंजिनियर, ग्राहक, कुणीही चालतो, पण त्याने ते काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असावं. सही खोटी साक्ष दिल्यास शिक्षेच्या अटीवर असते. सही करणारा स्वतः परवानाधारक असेल आणि मजकूर खोटा निघाला तर त्याच्या परवान्यावरही कारवाई होऊ शकते. म्हणून ‘अरे, चार वर्षं लिहून टाक’ हे मित्राला सांगणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणं आहे.

फॉर्ममध्ये कामाचं वर्णन लिहायला जागा थोडीच असते, आणि बहुतेक जण तिथे ‘सर्व प्रकारचं बांधकाम’ असं लिहून मोकळे होतात. तो अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो. लिहायचं ते असं: पायाची खोदाई आणि फॉर्म, सळई बांधणी, मडसिल बसवणं, टू-बाय-फोर आणि टू-बाय-सिक्सच्या भिंती उभ्या करणं, हेडर, जॉइस्ट, राफ्टर, प्लायवूड शीदिंग, खिडक्या, ड्रायवॉल, फरशी. क्रियापदं हवीत. ‘देखरेख केली’ लिहिलंत तर किती माणसांवर तेही लिहा. तारखा महिना आणि वर्षासह द्या आणि त्या एकमेकींवर चढू देऊ नका. दोन नोकऱ्या एकाच काळात दाखवल्या की पूर्णवेळ कुठली, हा प्रश्न येतोच.

कायद्यानुसार बोर्डाला आलेल्या अर्जांपैकी किमान ३ टक्के अर्जांची सखोल चौकशी करावी लागते. तुमचा अर्ज त्यात निघाला तर सहीच्या पलीकडचा पुरावा मागतात: डब्ल्यू-२ (नोकरीतल्या वर्षभराच्या पगाराचं करपत्रक), पगाराच्या पावत्या, १०९९ (पगारी नसलेल्याला दिलेल्या पैशांचं करपत्रक), करार, परमिटच्या प्रती, मालाची बिलं. रोखीने पगार घेतलेल्यांची इथे पंचाईत होते. काम खरंच केलेलं असतं आणि दाखवायला कागद नसतो. अर्ज भरायच्या आधीच हे सगळं एका फाइलीत वर्षवार लावून ठेवा, मग बोलावणं येवो न येवो.

अर्जाची फी ४५० डॉलर. ती परत मिळत नाही. अर्ज स्वीकारला गेला की ठशांसाठी लाइव्ह स्कॅनचा फॉर्म येतो. राज्याच्या न्याय खात्याची आणि एफबीआयची फी अधिक ठसे घेणाऱ्याची फी असा खर्च असतो. इथे आपल्या नावांचा घोळ होतो. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, ड्रायव्हिंग लायसन्सवर नुसतं आद्याक्षर, लग्नानंतर बदललेलं आडनाव बँकेत एक आणि सोशल सिक्युरिटीत दुसरं. अर्ज, लाइव्ह स्कॅन, परीक्षेचं ओळखपत्र आणि पुढे बाँड, या चारही ठिकाणी नाव अक्षरशः एकसारखं ठेवा. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल तर करदाता क्रमांकावरही अर्ज करता येतो. जुना एखादा गुन्हा नोंदलेला असेल तर तो कळवायचा. लपवल्याने गोष्टी जास्त बिघडतात.

आता स्कूल. हे सगळे खाजगी धंदे आहेत. बोर्ड कुणाची शिफारस करत नाही, आणि परीक्षेचे प्रश्न कुठल्याच स्कूलला देत नाही. ‘आमच्याकडे परीक्षेतलेच प्रश्न आहेत’ असं कुणी म्हणालं तर उठून बाहेर या. एक तर ते खोटं असतं, आणि खरं असेल तर परीक्षेचे प्रश्न फोडणं हा इथे गुन्हा आहे. परीक्षेला बसणारा प्रत्येक जण गुप्ततेला बांधलेला असतो. म्हणूनच पुढे दिलेली उदाहरणं मी स्वतः रचलेली आहेत, परीक्षेतली नाहीत.

स्कूलची सामग्री ताजी आहे की नाही हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. फी भरायच्या आधी त्यांचं कायद्याचं पुस्तक हातात घ्या आणि दोन आकडे शोधा. कंत्राटदाराचा बाँड १५,००० डॉलर लिहिला असेल तर पुस्तक २०२३ च्या आधीचं आहे. आता तो २५,००० आहे. परवान्याशिवाय करता येणाऱ्या कामाची मर्यादा ५०० लिहिली असेल तर ते २०२५ च्या आधीचं. हे दोन्ही आकडे चुकीचे असलेलं पुस्तक नव्या मुखपृष्ठात घालून विकलं जाताना मी पाहिलंय. त्या स्कूलचं नाव इथे नको, तुम्हाला कसोटी कळली म्हणजे झालं.

दुसरा प्रश्न विचारायचा तो तुमच्या वर्गाचा. बी, सी-१०, सी-३६ यांना गिऱ्हाईक भरपूर, त्यामुळे त्यांची सामग्री चांगली असते. विरळ वर्गांसाठी स्कूल कायद्याचा भाग नीट शिकवतं आणि कसबाच्या भागाला सामान्य सुरक्षेचे चार धडे जोडून देतं. तशा वेळी बोर्डाने फुकट ठेवलेलं अभ्यास मार्गदर्शक आणि त्यात नमूद केलेले संदर्भग्रंथ हेच खरे. तिसरा प्रश्न ‘गॅरंटी’चा. बहुतेक ठिकाणी तिचा अर्थ नापास झालात तर पुन्हा वर्गात फुकट बसा, एवढाच असतो. बोर्डाची फेरपरीक्षेची फी तुमच्याच खिशातून जाते. आणि चौथी गोष्ट, ‘अर्ज आम्ही भरून देतो’ ही सेवा. टायपिंगपुरती घ्यायला हरकत नाही. पण अनुभवाचं वर्णन त्यांनी त्यांच्या ठोकळेबाज मजकुरात लिहिलं तर तेच वाक्य त्याच आठवड्यात आणखी कितीतरी अर्जांवर गेलेलं असतं. ते स्वतः लिहा.

आणखी एक आमिष कानावर येतं: ‘अनुभव कमी पडतोय? आमच्याकडे परवानाधारक माणूस आहे, त्याच्या नावावर कंपनी काढा.’ कंपनीच्या परवान्यासाठी जबाबदार माणूस ठेवता येतो हे खरं. पण तो नोकर म्हणून असेल तर आठवड्याला किमान ३२ तास किंवा धंद्याच्या वेळेच्या ८० टक्के, यांपैकी जे कमी ते, त्याने प्रत्यक्ष काम करायला हवं. महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन नुसतं नाव भाड्याने देणारा माणूस स्वतःही बुडतो आणि तुम्हालाही बुडवतो.

परीक्षा दोन: कायदा आणि व्यवसाय ही सगळ्यांना सारखी, आणि आपल्या वर्गाची कसबाची. दोन्ही संगणकावर, पर्यायी उत्तरांच्या, प्रत्येकी शंभराच्या वर प्रश्न, पुस्तक न उघडता. अर्ज स्वीकारल्यापासून १८ महिन्यांत दोन्ही पास व्हाव्या लागतात. नाही तर अर्ज बाद, पुन्हा पहिल्यापासून. बहुतेक जण कसबाची धास्ती घेतात आणि कायद्यात आपटतात. वीस वर्षं घरं बांधलेल्या सुतारालाही राज्याचा बेरोजगारी कर कोण भरतं हे माहीत असतंच असं नाही.

कायद्याच्या अभ्यासात करार आणि कामगार कायदा हे दोन भाग सर्वात मोठे, वेळ तिथे घालवा. दिवसाला ८ तासांपुढे दीडपट, १२ तासांपुढे दुप्पट. पाचवा तास संपायच्या आत अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी. घरदुरुस्तीच्या करारात आगाऊ रक्कम कराराच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांपैकी जी कमी ती. ‘कमी’ हा शब्द डोक्यात पक्का बसवा. ४०,००० च्या कामाला ४,००० नव्हे, १,०००. करार रद्द करायला ग्राहकाला तीन कामकाजी दिवस, ६५ किंवा त्याहून जास्त वयाच्या ग्राहकाला पाच. सरकारी कामात १,००० डॉलरच्या वर गेलं की सरकारने ठरवलेला प्रचलित वेतनदर लागू.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो मेकॅनिक्स लिएन, म्हणजे न मिळालेल्या पैशांसाठी मालमत्तेवर बोजा चढवण्याच्या हक्काबद्दल. स्कूलमध्ये हे तक्त्याने पाठ करून घेतात आणि तारीख बदलली की तक्ता निकामी होतो. त्याऐवजी एक प्रसंग घेऊन मोजा. उपकंत्राटदाराने १ मार्चला काम सुरू केलं. प्राथमिक नोटीस, म्हणजे आपण या कामावर आहोत हे मालकाला कळवणारा कागद, काम सुरू झाल्यापासून २० दिवसांत द्यायची असते, त्याने ती १० एप्रिलला दिली. त्याचा हक्क गेला का? पूर्ण नाही. उशिरा दिलेली नोटीस आपल्या आधीचे २० दिवस झाकते. १० एप्रिलमधून २० दिवस मागे गेलं की २१ मार्च. म्हणजे २१ मार्चपासूनच्या कामावर हक्क राहिला, १ ते २० मार्चच्या कामावर गेला. पुढे मालकाने काम पूर्ण झाल्याची सूचना नोंदवली तर मुख्य कंत्राटदाराला बोजा नोंदवायला ६० दिवस, उपकंत्राटदाराला ३०. सूचना नोंदवली नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून दोघांनाही ९०. आणि बोजा नोंदवल्यापासून ९० दिवसांत दावा दाखल केला नाही तर बोजा कुचकामी. ‘नोटीस’, ‘नोंदणी’, ‘दावा’ हे तीन टप्पे वेगळे ठेवले की प्रश्न कसाही फिरवला तरी उत्तर सापडतं.

पैशांच्या भागात खर्चावर चढवलेली टक्केवारी आणि विक्रीकिमतीतली टक्केवारी यांचा घोळ. समजा कामाचा थेट खर्च ८०,००० डॉलर आहे, आणि विक्रीकिमतीच्या १५ टक्के वरखर्च नि १० टक्के नफा हवा आहे. घाईत माणूस ८०,००० वर २५ टक्के चढवतो आणि १,००,००० लिहितो. पण १,००,००० चे २५ टक्के काढले तर २५,०००, खर्चाला उरले ७५,०००. तूट ५,०००. बरोबर रीत म्हणजे ८०,००० ला ०.७५ ने भागणं: १,०६,६६७. चुकीचं उत्तर पर्यायांत हमखास असतं, म्हणून ‘माझं उत्तर पर्यायांत आहे’ हा पुरावा धरू नका.

कसबाच्या पेपरात नियोजन आणि अंदाजपत्रक, फ्रेमिंग, मुख्य कसबं, फिनिशिंग, सुरक्षा असे भाग असतात. केंद्रावर नकाशांची पुस्तिका मिळते आणि काही प्रश्न तिच्यावर असतात. आपली अडचण मापांची. मीटर विसरा. फूट-इंच तर आपल्याला येतात, पण काँक्रीट इथे घनयार्डात, म्हणजे २७ घनफुटांत मोजतात, आणि आपल्या डोक्यात १०० घनफुटांचा ब्रास. २० बाय ३० फुटांचा ४ इंची स्लॅब: ६०० चौरस फूट गुणिले ४ भागिले १२, २०० घनफूट. आपल्या भाषेत दोन ब्रास. २७ ने भागून ७.४१ यार्ड, १० टक्के नासाडी धरून ८.१५. इंचांना १२ ने भागायचं विसरलं की उत्तर बारापट येतं, ते निदान डोळ्यांना खुपतं. २७ ऐवजी ९ ने भागलं की तिप्पट येतं, आणि ते खपून जातं.

भिंतीचे स्टड, म्हणजे सांगाड्यातली उभी लाकडं, मोजताना एक जास्त धरायचा असतो. १६ फूट भिंत, १६ इंचांवर स्टड: १९२ भागिले १६ म्हणजे १२ गाळे, स्टड १३. खाली एक पट्टी, वर दोन, म्हणजे ४८ फूट प्लेट. टू-बाय-फोरचं खरं माप दीड बाय साडेतीन इंच असतं हेही लक्षात हवं, कारण खोलीची आतली मापं त्यावर ठरतात.

जिन्याचं गणित मला सर्वात आवडलं. घरगुती जिन्याची पायरी उंचीला जास्तीत जास्त ७¾ इंच, रुंदीला किमान १०. एकूण चढ १०९ इंच आहे. १०९ भागिले ७.७५ म्हणजे १४.०६. माणूस १४ लिहून पुढे जातो. पण १४ पायऱ्या केल्या तर प्रत्येकीची उंची ७.७९ इंच होते, चार शतांश इंचाने नियम मोडतो. म्हणून १५ उभ्या पायऱ्या, प्रत्येकी सुमारे ७.२७ इंच. आडव्या पायऱ्या त्याहून एक कमी, १४, आणि जिन्याची धाव किमान १४० इंच, म्हणजे ११ फूट ८ इंच. इथे पूर्णांक नेहमी वरचा घ्यायचा.

आरसीसीतून आलेल्याला लाकडी जॉइस्टचे, म्हणजे मजल्याखालच्या आडव्या तुळयांचे, नियम नव्यानेच शिकावे लागतात. जॉइस्टला खाच पाडायची तर त्याच्या उभ्या मापाच्या एक षष्ठांशापर्यंत, आणि लांबीच्या मधल्या तिसऱ्या भागात अजिबात नाही. भोक एक तृतीयांशापर्यंत, वरच्या-खालच्या कडेपासून किमान २ इंच सोडून. टू-बाय-टेन खरा ९¼ इंच असतो, म्हणजे खाच दीड इंच, भोक ३ इंच. साइटवर प्लंबर सर्रास हे मोडतो आणि इन्स्पेक्टर फ्रेमिंगच्या तपासणीत पकडतो, दुरुस्तीचा खर्च मुख्य कंत्राटदाराच्या माथी. सांडपाण्याच्या नळाला फुटाला पाव इंच उतार, २४ फुटांना ६ इंच. तो उतार जॉइस्टच्या आडव्या दिशेने न्यायचा म्हटलं की भोकांचा नियम आणि उताराचा नियम एकमेकांना भिडतात.

सुरक्षेचे प्रश्न दोन्ही पेपरांत येतात आणि ते फुकटचे गुण आहेत. ५ फूट किंवा त्याहून खोल चर असेल तर आधार लागतो. ४ फुटांपासून शिडी, कामगाराला २५ फुटांच्या आत सापडेल अशी. उपसलेली माती कडेपासून २ फूट लांब. खोदायच्या किमान दोन कामकाजी दिवस आधी, जमिनीखालच्या नळ-तारांच्या खुणा करून घ्यायला, ८११ ला फोन. शिडीचं वरचं टोक टेकूच्या ३ फूट वर. तापमान ८० फॅरनहाइटला गेलं की सावली, आणि माणशी तासाला एक क्वार्ट (जवळपास एक लिटर) पाणी. नागपूर-जळगावच्या उन्हात काम केलेल्याला ८० म्हणजे थंडीच वाटेल, पण उत्तर तेच लिहायचं.

तयारीचा वेळ म्हणाल तर रोज दीड तास, सहा ते आठ आठवडे, आणि त्यात कायद्याला निम्म्याहून जास्त. स्कूलचे सराव प्रश्न चौथ्यांदा सोडवताना ९५ टक्के येतात ते प्रश्न पाठ झालेले असतात म्हणून. खरी परीक्षा करायची तर प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे तो का चूक आहे ते एका ओळीत लिहा. हे जमलं नाही तर तो विषय आलेला नाही. स्कूलचा सर्वात मोठा उपयोग मला झाला तो ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी वर्गात बसण्याचा. दिवसभर साइटवर राबून आलेला माणूस घरी पुस्तक उघडतोच असं नाही. ज्यांना ती शिस्त घरी जमते त्यांनी बोर्डाचं फुकट मार्गदर्शक आणि चालू वर्षाचं कायद्याचं पुस्तक घेतलं तरी पुरतं.

परीक्षा पीएसआय नावाच्या कंपनीच्या केंद्रांवर होते (फौजदाराशी संबंध नाही). मोबाइल, घड्याळ, स्वतःचा कॅल्क्युलेटर आत नेता येत नाही. कॅल्क्युलेटर आणि कच्चा कागद तेच देतात. निकाल तिथेच कळतो. पास असाल तर नुसतं पास, गुण कळत नाहीत. नापास असाल तर कुठल्या भागात कसं केलं ते कागदावर मिळतं, आणि पुढच्या वेळेसाठी तोच कागद अभ्यासक्रम. एक पास आणि एक नापास झालात तर फक्त नापास झालेली पुन्हा द्यायची.

दोन्ही पास झाल्यावर थोडी कागदपत्रं उरतात. ॲस्बेस्टॉसची छोटी परीक्षा पुस्तक उघडून द्यायची असते. परवान्याची फी एकट्या मालकाला २००, कंपनी किंवा भागीदारीला ३५० डॉलर. २५,००० चा बाँड. त्याचा हप्ता तुमच्या क्रेडिटवर ठरतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. बाँड म्हणजे विमा नव्हे. ग्राहकाने दावा केला आणि बाँड कंपनीने पैसे दिले तर ती ते तुमच्याकडून वसूल करते. बाँडवरचं धंद्याचं नाव अर्जावरच्या नावाशी स्वल्पविरामासकट जुळावं आणि अंमलाच्या तारखेपासून ९० दिवसांत तो बोर्डाकडे पोचावा. नाही तर नवीन करून आणावा लागतो.

शेवटचा कागद कामगार भरपाई विम्याचा. माणूस ठेवलेला नसेल तर सूट मागता येते, पण सी-८, सी-२०, ॲस्बेस्टॉस काढण्याच्या सी-२२, सी-३९ आणि झाडकामाच्या डी-४९ ला माणूस असो नसो विमा हवाच. बी वाला सूट घेतो, भिंतीवरचा परवाना आणि खिशातलं कार्ड येतं, आणि पहिल्याच कामाला दोन दिवसांसाठी मदतनीस बोलावतो. त्या क्षणी सूट संपलेली असते. मदतनीस साइटवर यायच्या आधी विमा काढा आणि त्याचं प्रमाणपत्र विमा कंपनीकडून बोर्डाला जातंय याची खात्री करा. नंतर बोर्डाच्या संकेतस्थळावर स्वतःचा परवाना क्रमांक टाकून पाहा: बाँड चालू, विमा चालू, वर्ग बी. ग्राहकही करार करण्याआधी तेच पान उघडतो.